कुजबुजकाका आणि दोन न बोलणारी पात्रं

कुजबुजकाकांना शांतता सहन होत नाही. काही लोकांना धूळ सहन होत नाही, काहींना मेहुणा, तसंच हे. समोरचा माणूस बोलता बोलता श्वास घ्यायला थांबला तरी काकांना वाटतं, गडी अडकला. मग ते मान जराशी पुढे काढतात, ओठ एका बाजूला नेतात आणि त्या माणसाचं पुढचं वाक्य त्याच्याच कानात हळूच सोडून देतात. पंचाईत अशी की दहातल्या आठ वेळा ते वाक्य बरोबर असतं.

याला कारण तीस वर्षांचा प्रॉम्प्टरपणा. आमच्या हौशी नाट्यमंडळाची जेवढी म्हणून नाटकं झाली, त्या सगळ्यांत काका उजव्या विंगेत एका डुगडुगत्या स्टुलावर बसलेले. गुडघ्यावर नाटकाची वही, हातात पेन्सिल, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. प्रेक्षकांनी त्यांना कधी पाहिलं नाही आणि नटांनी त्यांच्याशिवाय दुसरं काही पाहिलं नाही. मीही एका नाटकात हवालदार झालो होतो. मला दोनच वाक्यं होती. पहिलं मी विसरलो, ते काकांनी सांगितलं. दुसरं मला चांगलं आठवत होतं, तेही काकांनी सांगितलं, कारण पहिल्यानंतर त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला होता.

या कामाचं त्यांचं स्वतःचं एक शास्त्र होतं आणि ते चहाच्या कपाबरोबर कोणालाही ऐकवायला ते तयार असत. शास्त्रातली पहिली गोष्ट अशी, की प्रॉम्प्टरनं नाटक आधी वाचू नये. वाचलं की तो गोष्टीत गुंततो, रडतो, हसतो, आणि नट तिकडे बुडतो. प्रॉम्प्टर नटाच्या पुढे फक्त एक शब्द असावा, जास्त नाही. दुसरी अशी, की विसरलेला नट तोंडावरून ओळखू नये, पायावरून ओळखावा. मुद्दाम थांबलेल्याचे पाय जमिनीवर टेकलेले असतात. विसरलेल्याची टाच उचललेली असते, कारण त्याचा अर्धा जीव पळून जायच्या तयारीत असतो. आणि तिसरी, साध्या विसरण्याला त्याच्या वाक्याचे पहिले दोन शब्द पुरतात, पण डोळे पांढरे झालेल्या नटाला त्याचं वाक्य सांगून उपयोग नाही. त्याला त्याच्या आधीच्या माणसाचं शेवटचं वाक्य सांगावं. ते कानावर पडलं की उत्तर आपोआप येतं, गुडघ्यावर टिचकी मारली की पाय उडतो तसं.

हे शास्त्र विंगेत होतं तोवर ठीक होतं. पण काका ते घरी आणि दुकानातही घेऊन जात.

पोटापाण्यासाठी ते चष्म्याच्या दुकानात होते. तिथे डोळे तपासताना लोक भिंतीवरच्या पाटीवरची अक्षरं वाचतात. वरची मोठी अक्षरं सगळेच वाचतात, चौथ्या ओळीला माणूस अडखळतो. तो अडखळला की काका हळूच पुढचं अक्षर सांगून टाकायचे. गिऱ्हाईक खूश, नजर उत्तम, नंबर कमी. असं दोन-तीन वर्षं चाललं. अर्ध्या गावाला समोरून आलेली सायकल दिसेनाशी झाली तेव्हा मालकांना संशय आला. त्यांनी काकांना पाटीसमोरून उठवलं आणि मागच्या टेबलावर दांड्यांचे स्क्रू पिळायला बसवलं.

घरी काकूंनी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी वाक्य पूर्ण करणं सोडून दिलं होतं. त्या "अहो, ते कपाटातलं" एवढं म्हणून स्वयंपाकघरात निघून जात. बाकीचं वाक्य काका मागच्या खोलीत एकटेच पूर्ण करीत आणि त्याप्रमाणे वागतही.

आमच्या मंडळाचे संस्थापक वारले तेव्हाच्या सभेत तर कहरच झाला. दोन मिनिटं शांत उभं राहायचं ठरलं. चाळीस सेकंदांनंतर काकांना वाटलं, अध्यक्ष पुढचं विसरले. त्यांनी दुसऱ्या रांगेतून कुजबुज केली, "आता सर्वांनी खाली बसावे." अध्यक्षांनी ते मोठ्यानं म्हटलं आणि सगळे बसले. संस्थापकांचं सव्वा मिनिट आजही येणं आहे.

त्यानंतर मंडळ विरळ होत गेलं. कोणाचे गुडघे गेले, कोणाची मुलं दूर गेली आणि पाठोपाठ आईबाप. दोन वर्षं काका विंगेत बसले नव्हते. वही नाही, स्टूल नाही. ते स्क्रू पिळत आणि स्क्रूलाच काहीबाही सांगत बसत.

अशात एके दिवशी दुपारी दुकानात एक मुलगी आली. वय सोळा, चष्म्याची दांडी तुटलेली, आवाज असा की बाहेर उभ्या असलेल्या माणसानं स्वतःची दांडी चाचपून पाहिली. तिला मित्रमंडळी भोंगा म्हणत आणि ते कमीच होतं. दांडी बसेपर्यंत ती मालकांना सांगत होती, की आम्ही मुलांनी नाटक बसवलंय, मीच लिहिलंय, मीच बसवतेय, नाव 'आठ खुर्च्या', आणि सगळे इतकं विसरतात की आम्हाला आता एक असा माणूस...

"प्रॉम्प्टर हवाय," मागच्या टेबलावरून आवाज आला.

भोंगानं वळून पाहिलं. "आठ जणांचं आहे," ती म्हणाली. "म्हणजे त्यात एक..."

"आठ ना? पुरे. तालीम कधी?"

मुलगी आणखी काही सांगणार होती. पण काकांनी तिचं वाक्य पूर्ण केलेलं होतं, आणि काकांनी पूर्ण केलेल्या वाक्याला पुढे जागा उरत नाही.

वाचनालयाच्या वर एक लांबट हॉल आहे, एका टोकाला हातभर उंचीचं स्टेज असलेला. शाळा सुटल्यावर चार ते सहा तिथे तालीम. दुसऱ्या दिवशी काका ठीक चारला पोचले. स्टूल घरून आणलं होतं. भोंगानं हातात वही दिली. काकांनी सवयीप्रमाणे पहिलं पान न वाचताच उलटलं, कारण पहिल्या पानावर लेखकानं आईवडिलांचे आभार मानलेले असतात आणि आभार कोणी विसरलं तरी नाटक पडत नाही. स्टेजवर आठ घडीच्या खुर्च्या होत्या. सहा मुलं बसली. दोन खुर्च्या मोकळ्या होत्या. काकांनी त्याकडे लक्ष दिलं नाही. ते वहीत होते.

नाटक सुरू झालं. बोलताना दोन्ही हात गरागरा फिरवणारा एक मुलगा होता, त्याला पंखा म्हणत. तो मोकळ्या खुर्चीकडे वळून म्हणाला, "दोरी, गणित झालं का रे?"

वहीत पुढे लिहिलं होतं: दोरी – पहिलं उदाहरण झालं. म्हणजे मी ते वाचलं.

स्टेजवर कोणी बोललं नाही. एक सेकंद. दोन सेकंद. काकांच्या मानेला कळ लागली. त्यांनी ओठ एका बाजूला नेले आणि वाक्य सोडलं, "पहिलं उदाहरण झालं." कोणी हललं नाही. त्यांनी आवाज जरा चढवला. तरी नाही. दोरी नावाचा जो कोण पोरगा आहे तो अगदीच दगड दिसतो, असं मनात म्हणत त्यांनी तिसऱ्यांदा सावकाश, एकेक शब्द ओढून, लहान मुलाला भरवावं तसं ते वाक्य सांगितलं. सहाही मुलं त्यांच्याकडे बघत होती.

शेवटी पंखा म्हणाला, "काका, दोरी नाहीये."

"नाहीये म्हणजे? तालमीच्या पहिल्याच दिवशी उशीर?" काकांनी वही चाळली. "आणि ही बातमी कोण? तीही आलेली दिसत नाही. फोन करा बरं दोघांना."

यानंतर हॉलमध्ये जी शांतता झाली ती काकांनाही भरता आली नाही. भोंगा उठली, विंगेत आली, काकांच्या गुडघ्यावरची वही तिनं उलटी चाळून पहिल्या पानावर आणली आणि बोट ठेवलं.

पहिल्या पानावर आभार नव्हते. तिथे लिहिलं होतं, की आम्ही आठ जण होतो. गेल्या वर्षी बाहेरगावी पोहण्याच्या स्पर्धेला पंखा उतरणार होता. चांगल्या जागा मिळाव्यात म्हणून दोरी आणि बातमी नेहमीप्रमाणे आधीच्या बसनं पुढे गेले. ती बस वळणावर उलटली. या नाटकात त्यांची वाक्यं लिहिलेली आहेत, पण ती कोणी म्हणायची नाहीत. त्यांना बोलायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ बाकीच्यांनी थांबायचं आणि मग त्यांनी काहीतरी म्हटलंच आहे असं समजून उत्तर द्यायचं.

काकांनी चष्मा काढला, स्वच्छ होता तरी पुसला, पुन्हा घातला. बसच्या अपघाताची बातमी त्यांनी पेपरात वाचली होती. पण ती बातमी पेपरात होती, वहीत नव्हती. ते जिना उतरून गेले. स्टूल तिथेच राहिलं. तीस वर्षांत त्यांनी विसरलेली ही पहिली गोष्ट.

दुसऱ्या दिवशी ते वही परत करायला गेले. काकूंनी घरातून निघताना त्यांना "हे बघा, तुम्ही मुद्दाम..." एवढं सांगितलं होतं आणि उरलेलं त्यांनी रस्ताभर स्वतःला सांगितलं होतं. पटलं मात्र नव्हतं.

भोंगा जिन्यातच भेटली. काकांनी वही पुढे केली. तिनं घेतली नाही.

"काल तुम्ही दोरीचं वाक्य तीनदा म्हणालात," ती म्हणाली. "पहिली दोन वाईट होती. तिसरं बरोबर आलं. तो तसंच ओढून बोलायचा. घाई कशाला, असं सगळं."

काकांनी पुढे केलेली वही मागे घेतली.

मग तिनं खरी अडचण सांगितली. ती दोन माणसं गेल्याला अकरा महिने झाले होते आणि अकरा महिन्यांत त्यांची वाक्यं कोणी मोठ्यानं म्हटली नव्हती. त्यामुळे थांबायचं किती, हेच कोणाला कळत नव्हतं. पंखा तीन मोजायचा, ती पाच मोजायची, एक जण मोजतच राहायचा. दोरीच्या विनोदावर हसायचं तर हसणं हप्त्याहप्त्यानं यायचं. वहीत बघून ती दोन माणसं मनातल्या मनात बोलणारा एक जण हवा होता. वाक्य संपलं की त्यानं पेन्सिल वर करायची, बस्स.

"पण तोंडातून एक अक्षर नाही," ती म्हणाली. तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदाच साध्या माणसाइतका खाली आला होता. "बातमीची आई येणार आहे. पहिल्या रांगेत. त्या आधी नाहीच म्हणत होत्या. मग म्हणाल्या, येईन, पण माझ्या मुलीचं काम कोणी करायचं नाही आणि तिच्या आवाजात कोणी बोलायचं नाही. तसं झालं तर मी उठून जाईन. मी त्यांना शब्द दिलाय, काका. त्या उठून गेल्या तर मी नाटकच काय, पुन्हा काहीच करणार नाही."

"नाही बोलणार," काका म्हणाले.

काकांना ओळखणाऱ्या कोणीही हे ऐकलं असतं तर त्यांच्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला असता.

पण काका कामाला लागले. पहिल्यांदा त्यांनी मुलांना गोल बसवलं आणि विचारलं, ही दोघं बोलायची कशी, ते मला नीट सांगा. पेन्सिल वेळेवर वर करायची म्हणजे वेग कळायला हवा. अकरा महिने जी मुलं त्या दोघांचं नाव निघालं की बुटांच्या नाड्या बांधायला वाकत होती, ती एकदम एकमेकांच्या अंगावर बोलू लागली. दोरी सहा फूट, अंगानं नावासारखा, वाक्याच्या मधोमध थांबून स्वतःच हसणारा आणि मग वाक्य तिथेच सोडून देणारा. बातमी त्याच्या कोपराएवढी. शाळेत काय झालं ते शाळेच्या आधी तिला माहीत. बोलायची इतकी भराभर, की ऐकणाऱ्याला धाप लागायची, आणि शेवटचा शब्द कायम वर उडवायची, जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून उडी मारावी तसा. पंखानं दोरीच्या चालण्याची नक्कल केली आणि खुर्चीला अडकून पडला. भोंगा म्हणाली, अगदी असाच पडायचा. दोन तास तालीम झाली नाही आणि कोणाचीच तक्रार नव्हती.

काकांनी दोन महिने अभ्यास केला. स्क्रू पिळताना दोरी, जिना चढताना बातमी. ज्या मुलांना त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं त्यांच्या बोलण्याचे खाचखळगे त्यांना आता पाठ झाले होते. दुकानात मालक बोलत असताना काकांच्या चेहऱ्यावर मध्येच पोरकट हसू यायचं. तो दोरी असायचा.

तोंड मात्र ऐकेना. पहिल्या आठवड्यात ते सात वेळा उघडलं. एकदा तर शब्द अर्धा बाहेर आला होता आणि काकांनी खोकून तो परत ओढला. शेवटी काकूंनी उपाय काढला. पेपरमिंटच्या टणक, पांढऱ्या, लिंबाएवढ्या गोळ्या त्यांनी बरणीभर आणून ठेवल्या. तोंडात ती गोळी असली की 'हो' म्हणायचीही सोय नसे. काकूंनी स्वतः एक चाखून पाहिली आणि म्हणाल्या, हे आपल्याला फार पूर्वी सुचायला हवं होतं.

गोळी लागू पडली. काका गालाला लिंबू लावल्यासारखे बसत, डोळे वहीत, पेन्सिल वर, पेन्सिल खाली, आणि स्टेजवर सहा मुलं एकाच क्षणी हसत. सहा जणांचं एकत्र हसणं आलं तेव्हा भोंगानं तालीम थांबवून सगळ्यांना रस पाजला.

प्रयोग रविवारी सकाळी साडेदहाला होता. हॉल भरला. पहिल्या रांगेत मधोमध बातमीची आई बसली होती, पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरून, दारावर पाहुणा उभा असताना घरधनी बसतो तशी. बसलेली, पण केव्हाही उठू शकेल अशी. काका विंगेत. मी काकूंच्या शेजारी, चौथ्या रांगेत. काकू सारख्या काकांच्या गालाकडे बघत होत्या. फुगलेला दिसला की निश्चिंत होत.

सुरुवातीला लोक गोंधळले. पोरं रिकाम्या खुर्चीला प्रश्न विचारतात, गप्प बसतात आणि मग खो खो हसतात, हे काय. पण पाचेक मिनिटांत हॉलला ते कळलं आणि मग मजाच सुरू झाली. पंखा म्हणाला, "दोरी, गणित झालं का रे?" आणि त्या मोकळ्या जागेत प्रत्येकानं आपापल्या वर्गातल्या एखाद्या आळशी, गोड पोराचं उत्तर मनात घातलं. पेन्सिल वर झाली, मुलं हसली आणि सबंध हॉल हसला. न बोललेल्या विनोदावर इतकी माणसं हसताना मी पाहिलेली नव्हती. आमच्या मंडळात बोललेल्या विनोदावरही हसत नसत.

बातमीची आई मात्र हसली नाही. ती बघत होती. पर्स तशीच.

शेवटचा प्रवेश आला. स्पर्धेचा दिवस. सहा मुलं धावत येतात, समोर आठ खुर्च्या. आता सहाही जणांचा आधार म्हणजे भोंगाचं एक वाक्य, कारण त्यावर पुढचं सगळं भांडण आणि नाटकाचा शेवट उभा होता. त्या वाक्याच्या आधी ती धापा टाकत विचारते, "जागा धरल्यात?"

वहीत होतं: बातमी – आठच्या आठ. पण आधीच सांगते, कडेची माझी.

हॉल शांत होता. काका मनात ते वाक्य बातमीच्या वेगानं म्हणत होते. आणि ते वाक्य संपायच्या आत, पेन्सिल वर जायच्या आत, पहिल्या रांगेतून हसू आलं. एवढंसं, नाकातलं. बातमीच्या आईचं. तिला ते वाक्य कोणी सांगितलं नव्हतं. तिला ते माहीतच होतं.

ते हसू भोंगाच्या कानावर पडलं. बातमीही तसंच हसत असणार, कारण भोंगा जागच्या जागी उभी राहिली.

पेन्सिल वर झाली. भोंगा बोलली नाही. पेन्सिल खाली आली, पुन्हा वर झाली. पंखाचे हात जन्मात पहिल्यांदा स्थिर झाले होते. प्रेक्षकांना वाटलं, असंच आहे. ते आदरानं थांबले. चौथ्या रांगेतून मलाही तसंच वाटलं. फक्त काकांनी पाय पाहिले. भोंगाची उजवी टाच उचललेली होती.

काकांची त्या वेळची अवस्था त्यांनी मला नंतर अनेकदा सांगितली आहे आणि दर वेळी तिच्यात थोडी भर पडते, पण मूळ खरं आहे. पोरीचे डोळे पांढरे झाले होते. तिचं वाक्य सांगून उपयोग नव्हता; तीस वर्षांचं शास्त्र ते सांगत होतं. आधीच्या माणसाचं शेवटचं वाक्य सांगायला हवं. आधीचं माणूस बातमी होती. आणि ते वाक्य म्हणायचं नाही असा शब्द होता, आणि ज्या बाईला तो शब्द दिला होता ती विंगेपासून आठ फुटांवर पर्स धरून बसली होती. बोललं तर ती उठून जाईल. नाही बोललं तर पोरगी इथेच, तिच्या डोळ्यांदेखत बुडेल.

काकांनी गोळी गिळली. अख्खी. ती छातीत मध्येच अडकलेल्या लिफ्टसारखी थांबली. काकूंना गाल बसलेला दिसला आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"कडेची माझी."

हे आम्हाला कोणालाच ऐकू आलं नाही. काकांची नेहमीची कुजबुज म्हणजे जाड, दाराखालून वारा यावा तशी. राजांना आणि सेनापतींना त्यांनी तीच पुरवली होती. ही तशी नव्हती. भराभर आणि हलकी, शेवट वर उडालेला. काका म्हणतात, मी बोललोच नाही, दोन महिने मनात होतं ते नुसतं सांडलं.

भोंगाची टाच खाली आली. ती विंगेकडे वळली नाही. कडेच्या खुर्चीकडे वळली, कमरेवर हात ठेवले आणि खालच्या वाचनालयातली पुस्तकं हलतील अशा आवाजात म्हणाली, "नेहमी कडेची तुझी? खुर्चीवर तुझं नाव लिहिलंय?"

मग जी झुंबड झाली ती तालमीत कधी इतकी चांगली झाली नव्हती. सहा मुलं आठ खुर्च्यांवर तुटून पडली, एकमेकांना ढकललं, मांडीवर बसली, उठली, पंखाच्या हातानं कोणाचा तरी चष्मा उडाला, आणि भांडता भांडता सगळी सहा खुर्च्यांवर बसली. कडेची मोकळी राहिली. तिच्या शेजारची, जिथून सहा फुटी पोराला पाय लांब करता येतील, तीही. पडदा.

टाळ्या खूप झाल्या. बातमीची आई टाळ्या संपेपर्यंत बसून होती. मग उठली, आणि दाराकडे न जाता स्टेजच्या पायऱ्या चढली. काका इतक्या घाईनं उभे राहिले की स्टूल पडलं. मुलं गोळा झाली. आम्हीही पोचलो.

ती त्या कडेच्या खुर्चीजवळ गेली, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "ही कडेची खुर्ची..."

आणि थांबली.

काकांकडे वाक्य तयार होतं. एक नाही, तीन होती. 'बघून भरून आलं', 'कायमची रिकामी राहिली', 'तुम्ही तिच्यासाठी ठेवलीत'. अशा प्रसंगाला तीस वर्षांत त्यांनी हीच पुरवली होती आणि ती कधी चुकली नव्हती. तोंडात गोळी नव्हती. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. काकांची मान पुढे निघाली, ओठ एका बाजूला गेले, आणि मग त्यांनी ते परत आणून जागेवर ठेवले.

तिनं वेळ घेतला.

"डावखुरी होती ना," ती शेवटी म्हणाली. "मध्ये बसली की जेवताना शेजारच्याला कोपर लागायचं. लहानपणी एकदा कोणीतरी त्यावरून बोललं होतं तिला. तेव्हापासून कुठेही गेली तरी कडेला."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

"म्हणून?" भोंगा म्हणाली. "मी पाच वर्षं भांडले तिच्याशी त्या खुर्चीवरून. आम्हाला वाटायचं, माज आहे. सांगायचं ना तिनं."

"जगाच्या बातम्या सांगायची," आई म्हणाली. "स्वतःची एक नाही." आणि ती हसली, या वेळी नाकातून नाही, चांगलं तोंडभरून. मग पंखानं सांगितलं की बातमीचं कोपर त्याच्या पोटात किती वेळा बसलं आहे, आणि तिनं त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला, म्हणाली, तूही हात आवरत नाहीस, फिट्टंफाट.

जाताना ती काकांसमोर थांबली. काकांनी वही छातीशी धरली होती.

"ऐकलं मी," ती म्हणाली.

काकांनी मान खाली घातली.

"मला ऐकवायला कोणी तिच्या आवाजात बोललं असतं तर मी गेले असते. तुम्ही हिला आठवावं म्हणून बोललात." तिनं भोंगाकडे मान केली. "ते चालेल. फक्त शेवटचा शब्द ती आणखी जरा लांबवायची. माझीऽऽ, असं. पुढच्या प्रयोगाला लक्षात ठेवा."

पुढचा प्रयोग आहे हे तोपर्यंत कोणालाच माहीत नव्हतं. काकांनी तिथल्या तिथे पेन्सिलीनं वहीत खूण करून घेतली.

घरी जाताना काका, काकू आणि मी चालत निघालो. ऊन चांगलं पडलं होतं. काका छाती चोळत होते. गोळी अजून अर्ध्या वाटेत होती. कोपऱ्यावर वळताना काकू म्हणाल्या, "अहो, आता घरी गेल्यावर आधी..." आणि सवयीप्रमाणे चालू लागल्या.

मागून काही आलं नाही. काकू दहा पावलं गेल्या, थांबल्या, मागे वळल्या. काका शांतपणे एका घराच्या खिडकीतलं मांजर बघत होते.

"काय हो?" काकू म्हणाल्या. "पुढे?"

"तू सांग," काका म्हणाले. "मी थांबतो."

काकूंनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. बत्तीस वर्षांनी त्यांच्यावर वाक्य पूर्ण करायची वेळ आली होती, आणि त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून आठवू लागल्या. माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. टाच उचललेली होती.